मुंबईत उतरायचे कोठे?

आपल्या सभासदांमध्ये असे घर क्वचितच सापडेल, की ज्या घरातील माणसाला मुंबईस जाण्याचा प्रसंग आलेला नाही. कोणी दवाखान्यासाठी जातो, कोणी परीक्षेसाठी किंवा मुलाखतीसाठी, कोणी मंत्रालयात अथवा उच्च न्यायालयात अडकलेल्या कामासाठी. आणि ६ डिसेंबरला तर गावेच्या गावे निघतात. जाणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘स्वस्तातला लॉज कुठे मिळेल?’ आमच्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की, काम कोठे आहे, किती वाजता आहे आणि ते ठिकाण रेल्वेच्या कोणत्या मार्गावर आहे? एवढे कळले की कोणत्या भागात उतरावे हे बहुतांशी आपोआप ठरते. भाड्यात वाचवलेले दोनशे रुपये दुसऱ्या दिवशी टॅक्सीत गेले तर तो तोटा सोसता येतो. परंतु दहा मिनिटांच्या उशिराने परीक्षा केंद्राचे दार बंद झाले तर वर्ष जाते, आणि रुग्णाची तपासणीची तारीख हुकली तर पुन्हा सगळा प्रवास पदरी येतो.

ही गोष्ट मुंबईच्याच बाबतीत एवढी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी त्या शहराचा आकार डोळ्यांपुढे आणावा लागतो. आपल्याकडील शहरे मधल्या चौकाभोवती चारी दिशांना पसरलेली असतात. कोणत्याही टोकाला उतरले तरी चौकात यायला अर्धा तास पुरतो. मुंबई तशी नाही. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही मूळची सात बेटे. १६६१ च्या विवाह-करारान्वये ती पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. मधली खाजणे आणि खाड्या भरून काढून बेटे एकमेकांस जोडली गेली, पुढे उत्तरेकडील साष्टी बेटालाही ती जोडली गेली. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस बंदर आणि खाडी. तेव्हा शहराला वाढायला वाट राहिली ती एकच, उत्तरेची. सरकारी कचेऱ्या, न्यायालय, मोठ्या बँका दक्षिणेच्या टोकाला राहिल्या आणि माणसांची घरे मात्र उत्तरेकडे सरकत सरकत आज विरार, कल्याण, पनवेलपर्यंत गेली. लांबट चिंचोळ्या पट्टीवर वसलेले हे शहर असल्यामुळे त्यातले अंतर किलोमीटरवर मोजून चालत नाही. ते लोकलच्या मार्गावर आणि घड्याळावर मोजावे लागते.

मार्ग मुख्यतः तीन. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, तोच आजचा मध्य रेल्वेचा मार्ग. तो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून (१९९६ पूर्वीचे व्ही.टी.) भायखळा, परळ, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे करीत कल्याणला आणि तेथून कसारा व कर्जतकडे जातो. दुसरा पश्चिम रेल्वेचा, चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवलीवरून ६० किलोमीटरवरील विरारपर्यंत आणि त्यापुढे डहाणूपर्यंत. तिसरा हार्बर, जो वडाळा, कुर्ला, चेंबूर, मानखुर्द, वाशी, बेलापूर करीत पनवेलला पोहोचतो. वडाळ्याहून त्याचा एक फाटा वांद्रे-अंधेरी-गोरेगावकडे वळतो. हे तीन मार्ग उत्तर-दक्षिण जातात. पूर्व-पश्चिम आडवे जाण्याच्या सोयी मात्र थोड्या, आणि रस्त्यावरची वाहतूक तर अंत पाहणारी. म्हणून काम एका मार्गावर आणि मुक्काम दुसऱ्या मार्गावर असे शक्यतो होऊ देऊ नये. नकाशावर घाटकोपर आणि अंधेरी शेजारी दिसतात. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू होण्यापूर्वी ते अंतर बसने काटताना माणूस रडकुंडीला येत असे.

स्थानकांच्या नावांनीही नवखा माणूस फसतो. ‘मुंबई सेंट्रल’ हे स्थानक मध्य रेल्वेवर नसून पश्चिम रेल्वेवर आहे. ‘परळ’ मध्य रेल्वेवर, तर ‘लोअर परळ’ पश्चिम रेल्वेवर. ‘माटुंगा’ एकीकडे, ‘माटुंगा रोड’ दुसरीकडे. जुने लोक ज्याला एल्फिन्स्टन रोड म्हणतात त्याचे नाव २०१८ पासून प्रभादेवी झाले आहे. पत्त्यात पूर्व की पश्चिम हे लिहिलेले नसेल तर तो पत्ता अपुरा समजावा, कारण रुळांच्या चुकीच्या बाजूला उतरलेल्या माणसाला सामानासह पूल चढून पुन्हा पलीकडे जावे लागते. आपल्याकडून जाणारी प्रत्येक गाडी शिवाजी महाराज टर्मिनसलाच जाते असेही नाही. काही गाड्या कुर्ल्याजवळच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात, काही दादरला, काही पनवेलला. तिकीट काढतानाच हे पाहावे. नागपूर, नांदेड, सोलापूर कोणत्याही बाजूने मध्य रेल्वेने आले तरी गाडी बहुधा कल्याणवरून जाते. ज्याचे काम ठाण्याच्या बाजूला आहे त्याने शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन पुन्हा उलटे येण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा, गर्दीच्या दिशेचा. सकाळी साधारण आठ ते अकरा या वेळात सारी मुंबई दक्षिणेकडे धावते आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात उत्तरेकडे परतते. या वेळी कल्याणहून किंवा विरारहून दक्षिणेकडे जाणाऱ्या जलद लोकलमध्ये शिरणे हे रोजच्या सवयीच्या माणसालाही जड जाते. हातात पिशवी, पाठीशी म्हातारे आईवडील आणि खिशात हॉल तिकीट घेतलेल्या परगावच्या माणसाची तर त्रेधा उडते. आम्ही बँकेच्या नोकरीनिमित्त तीन वर्षे मुंबईत काढली. सकाळी नऊच्या सुमारास ठाण्याच्या फलाटावर एखादे कुटुंब गाठोडे घेऊन उभे आहे, एक गाडी जाते, दुसरी जाते, तिसरी जाते, आणि ते तसेच उभे आहे, हे दृश्य आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. त्यांना कोणी तरी सांगितलेले असते की ठाण्याला लॉज स्वस्त आहे. लॉज स्वस्त असतोही. पण ठाण्याहून टर्मिनसपर्यंतची जलद गाडीची पाऊण तासाची वाट त्या वेळेला त्यांच्यासाठी बंदच असते.

यावर उपाय सरळ आहे. काम ज्या ठिकाणी असेल त्याच्या दक्षिणेस मुक्काम करावा, म्हणजे सकाळी गर्दीच्या उलट दिशेने जाता येते आणि बसायला जागाही मिळते. समजा काम अंधेरीला अकरा वाजता आहे. बोरिवलीला उतरलेल्या माणसाला अंधेरी जवळ, पण गाडी तुडुंब. दादरला उतरलेल्याला अंतर थोडे अधिक, पण गाडी मोकळी. कामाच्या दक्षिणेस उतरणे परवडत नसेल तर निदान कामाच्या स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या जवळ उतरावे. तेही जमत नसेल तर मात्र सकाळी सातच्या आत प्रवास उरकून कामाच्या ठिकाणी जाऊन बसावे, तेथेच चहा-नाश्ता करावा.

या हिशेबाने पाहता परगावच्या माणसाला दादरइतका सोयीचा भाग नाही. मध्य आणि पश्चिम हे दोन्ही मार्ग तेथे एकत्र येतात. शिवाजी महाराज टर्मिनस नऊ किलोमीटरवर, चर्चगेटही तेवढ्याच अंतरावर. लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्या थांबतात, पुण्याच्या बसगाड्या मिळतात. मराठी वस्ती जुनी, खाणावळी आहेत, रात्री उशिरा उतरले तरी रस्ता सुना नसतो. हा भाग असा नीट आखलेला का दिसतो याचेही कारण आहे. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीच्या वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या आखणीतून दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्याच ट्रस्टच्या परळ येथील बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी सुमारे बावीस वर्षे काढली आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधले. ज्यांना वेळ आहे त्यांना ही दोन्ही ठिकाणे दादरहून एका सकाळीत पाहता येतात.

दादरचा दोष म्हणजे स्थानकातील गर्दी आणि गोंधळ. पूर्वी दोन्ही रेल्वेचे फलाट क्रमांक वेगवेगळे एकपासून सुरू होत आणि ‘एक नंबरला ये’ असे सांगितलेली माणसे दोन वेगळ्या एक नंबरवर उभी राहत. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक झाले आहेत. तरीही कोणाला भेटायचे असल्यास फलाटावर न भेटता बाहेर, पूर्वेला की पश्चिमेला हे ठरवून भेटावे.

रुग्णाला घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांची मुंबईशी पहिली ओळख परळच्या रुग्णालयांतूनच होते. १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय, १९२६ पासूनचे के.ई.एम. आणि मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय ही सर्व एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. मध्य रेल्वेने आल्यास परळ आणि पश्चिमेने आल्यास प्रभादेवी, ही दोन स्थानके पुलाने जोडलेली आहेत. येथे एक नियम आम्ही आग्रहाने सांगू : रुग्ण सोबत असेल तर भाड्याचा विचार न करता परळ, दादर, लालबाग, नायगाव याच पट्ट्यात राहावे. कर्करोगाचा उपचार एका दिवसाचा नसतो. तपासण्या, अहवाल, पुन्हा तारीख, असे आठवडे जातात. केमोथेरपी घेतलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती उतरलेली असते आणि डॉक्टर त्याला गर्दी टाळायला सांगतात. अशा माणसाला डोंबिवलीच्या नातेवाइकाकडे ठेवून रोज लोकलने आणणे म्हणजे उपचाराला पाठ देणे होय.

खर्चाचा प्रश्न खराच आहे, आणि त्यासाठीच धर्मशाळा आहेत. दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन ही त्यांतील परिचित नावे. अशा बहुतेक ठिकाणी रुग्णालयाची फाईल आणि चिठ्ठी मागतात. म्हणून रुग्णालयात नोंद झाल्याबरोबर तेथील वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन निवासाविषयी विचारावे. औषधोपचाराच्या मदतीची माहितीही तेथेच मिळते. जागा लगेच मिळत नाही. पहिल्या दोन-तीन रात्रींची सोय हाताशी ठेवूनच निघावे, नाहीतर रुग्णालयाच्या बाहेरील पदपथावर झोपण्याची पाळी येते, आणि तशी माणसे परळला रोज दिसतात. गाडगेबाबांची आठवण निघाली म्हणून सांगावेसे वाटते, की पंढरपूरची आपली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती. परक्या गावात गरिबाला पाठ टेकायला जागा हवी, हे त्यांना नुसते कीर्तनातून सांगायचे नव्हते.

आणखी दोन गोष्टी. टाटा रुग्णालयाचे दुसरे केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे आणि काही रुग्णांना उपचारासाठी तिकडे पाठवले जाते. म्हणून परळला महिन्याची खोली घेण्याआधी पुढील उपचार कोठे होणार हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. खारघर असेल तर हार्बर मार्गावर राहणे शहाणपणाचे. दुसरे असे की, लोकलमधील दिव्यांगांसाठी राखलेल्या डब्यातून कर्करुग्णांना प्रवास करता येतो. अनेकांना हे माहीत नसते आणि ते साध्या डब्याच्या दारात लोंबकळत राहतात. रुग्णालयाची कागदपत्रे जवळ असावीत म्हणजे झाले.

मंत्रालय, उच्च न्यायालय, विद्यापीठाची जुनी इमारत, रिझर्व्ह बँक ही कामे फोर्ट भागातील. तेथे हॉटेले महाग, आणि कुलाब्याची तर पर्यटकांच्या दराने. टर्मिनसच्या आसपास व ग्रँट रोडच्या बाजूला साधे लॉज आहेत, पण खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काहींच्या खिडक्या भिंतीतच उघडतात. एका रात्रीचा प्रश्न असेल तर रेल्वेची विश्रामगृहे व डॉर्मिटरी पाहाव्यात. त्यासाठी लांब पल्ल्याच्या गाडीचे आरक्षण क्रमांकासह तिकीट लागते. मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये पेटीसारख्या लहान खोल्यांचे पॉड हॉटेलही निघाले. उंच माणसाला आणि घाबरट माणसाला ते मानवेलच असे नाही. पूर्वी ओळखीच्या आमदारांच्या खोलीत, आमदार निवासात वळकटी टाकण्याची पद्धत होती. ती आजही पूर्णपणे गेलेली नाही, मात्र परीक्षार्थीने त्या वाटेला जाऊ नये. तेथे रात्री झोप कमी आणि राजकारण अधिक होते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत निराळी अडचण आहे. ‘मुंबई केंद्र’ असे प्रवेशपत्रावर वाचले की मुलगा टर्मिनसला उतरतो आणि मग पत्ता पाहतो. संगणकावरील परीक्षांची केंद्रे आता बहुधा उपनगरांत, औद्योगिक वसाहतींत किंवा एखाद्या महाविद्यालयात असतात. लोकसेवा आयोगाचे कार्यालय फोर्टात शोधणारे अजून भेटतात. ते आता बेलापूरला आहे, म्हणजे वाशी, नेरुळ, बेलापूर यांपैकी कोठे तरी उतरावे. आय.आय.टी. पवईस, तिला जवळची स्थानके कांजूरमार्ग आणि विक्रोळी. टाटा समाजविज्ञान संस्था देवनारला, तिला गोवंडी किंवा चेंबूर. विद्यापीठाचे मोठे आवार कलिन्याला, सांताक्रूझ पूर्वेस. व्ही.जे.टी.आय. माटुंग्याला.

परीक्षा पुष्कळदा रविवारी असतात आणि मुंबईत रविवार म्हणजे मेगाब्लॉकचा दिवस. रुळांच्या दुरुस्तीसाठी त्या दिवशी काही तास मध्य, हार्बर वा पश्चिम मार्गावरील एखादा टप्पा बंद ठेवतात, जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवतात, हार्बरवर तर काही वेळा मधल्या स्थानकांदरम्यान गाडीच नसते. सकाळी सव्वाअकराला गाडी मिळेल या भरवशावर बाराचे केंद्र गाठायला निघालेला मुलगा असा अडकतो. शनिवारच्या वृत्तपत्रात ब्लॉकचे वेळापत्रक येते, रेल्वेही ते जाहीर करते. ते पाहून मगच मुक्काम आणि निघण्याची वेळ ठरवावी. आदल्या दिवशी केंद्राचे दार प्रत्यक्ष पाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला काही जण भित्रा म्हणून हसतात. आमच्या परिचयातील जी मुले आज नोकरीत आहेत ती बहुतेक अशीच भित्री होती.

शिक्षणासाठी वर्ष-दोन वर्षे राहायचे असेल तेव्हा हिशेब बदलतो. मग स्थानकाच्या जवळिकीपेक्षा खोलीचे भाडे, अनामत आणि खाणावळ महत्त्वाची. मुंबईत ‘कॉट बेसिस’ म्हणजे खोली नव्हे, खोलीतील एक खाट भाड्याने मिळते. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात प्रवेश मिळाल्यास उत्तमच. न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मुंबईसारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले : भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. आम्ही कारकून माणसे, म्हणून भागाकार करून पाहतो. निवासाचे महिन्याला सतराशेदेखील होत नाहीत, आणि एवढ्यात मुंबईत खाट मिळत नाही. तेव्हा या रकमेवर सारे निभेल असे घरच्यांनी समजू नये. पण ती सोडूही नये. अर्ज वेळेत भरावा, आणि पैसे उशिरा आले तरी पहिले सहा महिने निघतील एवढी तजवीज करून ठेवावी.

खोली शोधताना आणखी एक अनुभव येतो, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फोनवर खोली रिकामी असते, आडनाव सांगितले की ती भरलेली निघते. कधी आडनावाऐवजी ‘तुम्ही काय खाता?’ असे विचारतात, उद्देश तोच. १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना, परदेशातील विद्या घेऊन आलेले असतानाही, पारशी नाव सांगून पारशांच्या विश्रामगृहात राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या गोष्टीला शंभरहून अधिक वर्षे झाली. आमच्या ओळखीच्या एका मुलीला उपनगरातील एका इमारतीत आगाऊ रक्कम घेतल्यावर, दुसऱ्या दिवशी, ‘सोसायटीची हरकत आहे’ म्हणून परत पाठवले. रक्कम मिळाली, कारण तिने पावती घेतली होती. परीक्षेच्या तोंडावर आठवडा गेला तो मात्र मिळाला नाही. नवख्या मुलांनी म्हणूनच खोली एकट्याने, दलालाच्या भरवशावर शोधू नये. त्या महाविद्यालयात आधीपासून शिकणाऱ्या आपल्या मुलांकडून शोधावी. विक्रोळीचे कन्नमवार नगर व टागोर नगर, कुर्ल्याचे नेहरू नगर, चेंबूर, वडाळा, नायगाव या भागांत कष्टकरी मराठी वस्ती आहे, आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि अशी विचारपूस कमी होते. भाडे तेथे दोनशे रुपयांनी अधिक पडले तरी चालेल. रोज जिना चढताना मान खाली घालावी लागणारी खोली अभ्यासाला उपयोगाची नसते. आपले नाव मात्र कोणी बदलून सांगू नये.

नातेवाइकांकडे उतरण्याबद्दल दोन शब्द. मुंबईचे घर म्हणजे बहुधा दहा बाय बाराची खोली आणि पहाटे पाण्याची वेळ. पाहुणा आला की घरातील मुलगा शेजारी झोपायला जातो. एक-दोन रात्री हे प्रेमाने होते. त्याहून अधिक राहायचे असल्यास आपली सोय वेगळी करावी आणि भेटायला मात्र जरूर जावे, नाते टिकते. जाण्यापूर्वी आठ दिवस आधी कळवावे. स्थानकावर उतरून ‘आम्ही आलो’ असा फोन करणे हे गावाकडे चालते, तिकडे नाही.

पावसाळ्यात जाणाऱ्याने समुद्राचीही चौकशी करावी. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की शहरातील पाणी समुद्रात जात नाही, आणि शीव, कुर्ला, हिंदमाता, अंधेरीचा भुयारी रस्ता अशा सखल जागी ते साचते. एकाच शहरात पाऊस किती वेगळा पडतो याचे उदाहरण म्हणजे २६ जुलै २००५. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. फोर्टात बसलेल्या माणसाला उत्तरेकडे काय चालले आहे याची कल्पनाच नव्हती, आणि हजारो लोक रात्रभर चालत घरी गेले. जून ते सप्टेंबर या काळात महत्त्वाचे काम असेल तर मुक्काम कामापासून पायी गाठता येईल असाच असावा. रिक्षाच्या भरवशावर राहू नये. माहीम आणि शीवच्या दक्षिणेस रिक्षा चालतच नाहीत, तेथे टॅक्सी किंवा बेस्टची बस. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली भुयारी मेट्रो विमानतळ, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर आणि फोर्ट जोडते. लोकलहून ती महाग आहे, पण रुग्ण किंवा सामान सोबत असेल तर पैसे वसूल होतात.

६ डिसेंबरला वरील सारे नियम बाजूला ठेवावे लागतात. ४ तारखेपासून दादरमध्ये खोली मिळण्याची आशा नसते. शिवाजी पार्कवर महानगरपालिका मंडप, पाणी, शौचालये, वैद्यकीय मदत यांची व्यवस्था करते आणि बहुसंख्य लोक तेथेच राहतात. वृद्ध व लहान मुले असतील तर कुर्ला, ठाणे किंवा कल्याणकडे मुक्काम ठेवून, ५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर सोडण्यात येणाऱ्या जादा लोकलने यावे. रात्री रांगही तुलनेने पुढे सरकते. दादर स्थानकातून पश्चिमेलाच बाहेर पडावे. तेथून चैत्यभूमी पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. गटाने जाणाऱ्यांनी प्रत्येक मुलाच्या खिशात नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी.

लॉज घेताना एक प्रश्न विसरू नये : खोली चोवीस तासांची की दुपारी बाराची? पहाटे पाचला उतरलेल्या माणसाला बाराच्या हिशेबाने सात तासांत दुसऱ्या दिवसाचे भाडे लागते. अशा वेळी स्थानकावरच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन, सामान क्लोकरूममध्ये ठेवून थेट कामाला जावे आणि खोली संध्याकाळी घ्यावी. क्लोकरूमवाले कुलूप नसलेली पिशवी घेत नाहीत, म्हणून एक लहान कुलूप घरून न्यावे. सर्वांची ओळखपत्रे मूळ प्रतीत असावीत, छायाप्रतीही दोन-दोन. परतीची गाडी रात्रीची असेल तर लोकल मध्यरात्रीनंतर साधारण एकपासून पहाटे चारपर्यंत बंद असते हे लक्षात ठेवून टर्मिनसला आधीच येऊन बसावे.